घाट, मालट्रक आणि चाळिशी उलटलेला कामगार

(खंडाळा येथील कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या विषयपत्रिकेत ‘असंघटित कामगार’ असा व्यापक विषय माझ्या वाट्याला आलेला आहे. व्यापक विषयावर व्यापक बोलणे सोपे असते. ऐकणाऱ्याच्या पदरात मात्र त्यातून फारसे काही पडत नाही. म्हणून आज मी एकाच माणसाविषयी बोलणार आहे. पहिला रोजगार हातचा गेल्यावर, वयाची चाळिशी उलटल्यावर, मालट्रक चालवायला शिकू पाहणारा हा माणूस आहे. खंडाळ्यात बसून त्याच्याविषयी बोलणे उचितच ठरेल. परवान्याची परीक्षा तो परिवहन कार्यालयाच्या मैदानावर देतो. त्याची खरी परीक्षा इथे, या घाटात होते.

हा माणूस येतो कोठून? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढे हजारो कामगार कायमचे गिरणीबाहेर राहिले. २००७ साली आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील उत्पादन थांबले. मोठे कारखाने बंद पडतात त्याची निदान बातमी तरी होते. त्यांच्या आधाराने जगणारी छोटी वर्कशॉपे मिटतात त्याची तीही होत नाही. इकडे मावळात धरणांसाठी, रस्त्यांसाठी, बंगल्यांसाठी जमीन गेली. जमिनीचे पैसे घरबांधणीत आणि लग्नकार्यात संपले, आणि शेतकरी म्हणून जन्मलेला गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी कामगार झाला. या सर्वांना नातेवाईक एकच सल्ला देतात : ‘गाडी शिक.’ वरवर पाहता सल्ला बरोबरही आहे. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून तेथून तळेगाव-चाकणकडे आणि उलट दिशेने कंटेनरची जी रांग लागली, ती तुटलेली नाही. चालक मिळत नाहीत अशी तक्रार वाहतूकदारांच्या संघटना वारंवार करतात. एका बाजूला काम मागणारा माणूस आहे, दुसऱ्या बाजूला माणूस मागणारे काम आहे. मग या दोघांची गाठ नीट का पडत नाही, हा आजचा प्रश्न.

प्रथम या कामाचे स्वरूप पाहू. बोरघाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला १८३० साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत. आगगाडी घाट चढली १८६३ साली. द्रुतगती मार्ग पूर्णपणे वाहता झाला २००२ साली. तीन वेळा तंत्र बदलले, चढ मात्र तोच राहिला. कर्जत-लोणावळा लोहमार्गावर सदतीस फुटांमागे एक फूट असा चढ आहे, आणि तो चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. ट्रकवाल्याला मागून रेटणारे कोणी नाही, आणि उतरताना मागे खेचून धरणारेही कोणी नाही.

भरलेला ट्रक घाट चढतो तेव्हा इंजिनाची कसोटी लागते. उतरतो तेव्हा चालकाची. वीस-पंचवीस टनांचे ओझे केवळ ब्रेकवर पाय ठेवून उतारभर रोखत राहिले की ड्रम तापतात, लायनरची पकड ढिली होते, आणि मग पाय कितीही दाबला तरी गाडी ऐकत नाही. वर्तमानपत्रांत याला ‘ब्रेक निकामी झाले’ म्हणतात. पुष्कळदा ते आपोआप निकामी होत नाहीत; चुकीच्या चालवण्याने केले जातात. उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यायचा, वेग इंजिनानेच धरायचा, ब्रेक अधूनमधून लावून मोकळा सोडायचा, हवेच्या दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची, हा या विद्येचा गाभा. सांगायला तो चार वाक्यांत संपतो. पायात आणि कानात उतरायला महिने लागतात.

आणि चूक झाली तर तिची किंमत एकटा चालक देत नाही. १३ जून २०२३ रोजी लोणावळा-खंडाळ्याच्या दरम्यान, द्रुतगती मार्गावरील कुणे पुलावर रसायनाचा टँकर उलटून पेटला. चार जीव गेले. पुलाखालच्या रस्त्याने जाणारी माणसेही पेटत्या रसायनाच्या तडाख्यातून सुटली नाहीत. त्या अपघाताचा दोष कोणाचा, याचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. मला एवढेच दाखवायचे आहे की चालकाचे शिक्षण ही त्याची खाजगी बाब नाही. ती पुलाखालून जाणाऱ्याचीही बाब आहे.

मग ही विद्या आजवर दिली कोणी? शाळेने नाही, सरकारनेही नाही. ती दिली उस्तादाने. चौदा-पंधरा वर्षांचे पोर क्लीनर म्हणून गाडीवर चढायचे. काचा पुसणे, टायर ठोकून पाहणे, चढावर चाकाला ओट लावणे, स्वयंपाक करणे, शिव्या खाणे असे करता करता चार-सहा वर्षांत रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर उस्ताद त्याच्या हाती स्टिअरिंग देई. या पद्धतीत शोषण होते, बालमजुरी होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तथापि तिच्यात एक गोष्ट खरी होती. शिकणारा घाटातच शिकत होता, आणि शिकवणारा शेजारी बसलेला होता.

चाळिशीच्या माणसाला हे दार बंद आहे. ज्याच्या घरी दोन मुले शिकत आहेत, तो जेवणावारी आणि किरकोळ पैशांवर चार वर्षे क्लीनर राहू शकत नाही. शिवाय खर्च वाचवण्यासाठी अनेक मालकांनी क्लीनर ठेवणेच सोडले आहे. म्हणजे जुनी शाळा मोडली. तिच्या जागी नवी उभी राहिली काय?

कायदा पाहिला तर वाटेल की राहिली. चालकाच्या वयाला खालची मर्यादा आहे, वीस वर्षांची, वरची नाही. वैद्यकीय दाखला लागतो. व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यापूर्वी हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर हाती असावा लागतो. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की हलक्या वाहनाचा परवाना असलेल्या चालकाला एकूण साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येईल. उशिरा शिकणाऱ्याला यामुळे एक पायरी मिळाली. आधी टेम्पो, मग ट्रक. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ साली रद्द झाली, हेही योग्यच झाले. शाळा सुटली म्हणून हातातील कौशल्य नाकारणे हा अन्यायच होता.

परंतु शाळेची अट काढली, तर तिच्या जागी प्रत्यक्ष प्रशिक्षणाची हमी यायला हवी होती. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. त्यांत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत अडतीस तासांचा अभ्यासक्रम सांगितला आहे, वर्गातला आणि रस्त्यावरचा मिळून. कागदावर ही प्रगती आहे. पण सहा आठवडे रोजगार बुडवून शुल्क भरणार कोण? ज्याची नोकरी गेली तोच! तो पतपेढीचे कर्ज काढतो, किंवा बायकोचे डोरले गहाण ठेवतो, किंवा स्वस्तातला तिसरा मार्ग धरतो : एजंटाला पैसे देऊन परवाना आणि गाडीवर जाऊन विद्या. ती विद्या तो कोणाच्या जिवावर शिकतो, ते वर सांगितलेच आहे.

येथे एक आक्षेप येईल. चाळिशीनंतर जड वाहन शिकवावेच कशाला? नजर मंदावते, मधुमेह जडतो, पाठ धरते, रात्रीचे जागरण सोसत नाही. हा आक्षेप खोटा नाही, आणि तो झटकून टाकणारा माणूस कामगारांचा मित्र नव्हे. तरुणाचे हातपाय लवकर शिकतात, हेही मान्य. परंतु ज्याने वीस वर्षे लेथ चालवला त्याला यंत्राचा बदललेला आवाज कळतो. ज्याने बैलगाडी उतारावरून आणली त्याला ओझ्याचा स्वभाव कळतो. घरी कोणी वाट पाहत आहे याची जाणीव वळणावर उपयोगी पडते. वयाचे उणे नियमित डोळे-तपासणीने, रक्ततपासणीने आणि कामाच्या तासांना लगाम घालून भरून काढता येते. वयाचे अधिक मात्र विकत मिळत नाही.

कामाच्या तासांचा लगाम म्हटला, आणि दुखण्याच्या मुळाशी आपण आलो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ठरवले होते. लांब पल्ल्यासाठी फार तर दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली होती. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता. ज्याच्याकडे दोन गाड्या आहेत असा मालक त्यातून सुटत असे, आणि आपल्याकडील मालवाहतूक मुख्यतः अशाच छोट्या मालकांच्या हाती आहे. मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने तेच तास सर्वच व्यावसायिक चालकांना लावले खरे. पण नोंदवहीच नसेल तर तास मोजणार कोण? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६१ चा कायदा गेला. त्याची जागा घेणाऱ्या संहितेने कामगारांच्या संख्येची अट किती ठेवली? पाचाऐवजी दहा. छिद्र बुजवायचे होते. ते रुंद केले गेले.

चालकाच्या चुकांकडे या अंगाने पाहा. उतारावर गिअर काढून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे हा घाटातला सर्वांत घातक प्रकार. तो चालक अडाणी असतो म्हणून तसे करतो का? अनेक ठिकाणी खेपेसाठी डिझेल मोजून मिळते आणि उरेल ते चालकाचे असते. म्हणजे ज्या कृतीने जीव जाऊ शकतो, तिलाच पगाराचा भाग करून ठेवले आहे. उत्तम प्रशिक्षण घेतलेला माणूसही अशा व्यवस्थेत महिनाभरात शिकलेले विसरतो. म्हणून प्रशिक्षण आणि कामाच्या अटी यांची फारकत करू नका. केवळ प्रशिक्षण मागणारा चालकाला दोषी ठरवतो. केवळ पगारवाढ मागणारा पुलाखालच्या माणसाला विसरतो.

शासनाला चालकाची आठवण होते ती शिक्षेच्या वेळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील दुसऱ्या उपकलमाने, निष्काळजीपणाने जीव घेऊन पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरच्या चालकांनी चाके थांबवली, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू करताना ते उपकलम बाजूला ठेवावे लागले. जखमीला टाकून पळणे निंद्यच आहे, यात दुमत नको. पण जमावाच्या मारापासून चालकाचे रक्षण कोण करणार, हे कायद्याने सांगितले नाही. आणि त्या दोन दिवसांत देशाला हेही कळले की ज्याला कोणी विचारत नव्हते, त्याच्यावाचून दूधभाजीही शहरात पोचत नाही.

मग करावे काय? आपल्याला नवे काही शोधून काढायचे नाही. या महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाचा मालक रोज बदलतो, म्हणून हक्क मालकाला न चिकटवता धंद्याला चिकटवले. मंडळाकडे कामगाराची नोंद, मालकाची नोंद, मजुरीवर आकारणी, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी नि रजा. मालकाकडे कामगार पाच की दहा, हा प्रश्नच तेथे उरत नाही. केरळने १९८५ साली मोटार परिवहन कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला. माल चढवणाऱ्याला जे मिळाले ते माल नेणाऱ्याला का नसावे?

प्रशिक्षणाचेही तसेच आहे. सार्वजनिक संस्था शिकवू शकते याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर आहे. एस. टी. महामंडळाने महिलांना निवडले, शिकवले आणि २०२३ साली त्यांच्या हाती बसचे स्टिअरिंग दिले. मध्यवर्ती मार्ग परिवहन संस्था १९६७ पासून पुण्याजवळ भोसरीत उभी आहे. ज्ञान येथून दोन तासांच्या अंतरावर आहे. हवे आहे ते विद्यावेतन, आणि घाटातला प्रत्यक्ष सराव. बंद कारखान्याच्या कामगाराला आणि प्रकल्पग्रस्ताला सहा आठवडे शिकताना घर चालेल एवढे विद्यावेतन मिळालेच पाहिजे, आणि त्या शिक्षणात भरलेल्या ट्रकसह बोरघाट उतरणे असलेच पाहिजे.

हे होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. तळेगाव, चाकण, खोपोली येथील ट्रकतळांवर जा. सदतीस-अडतीस प्रश्नांच्या पाहण्या नकोत. एक वही ठेवा. कोण किती तास चालवतो आणि डिझेलचा व्यवहार कसा आहे, एवढेच लिहा. महिन्यातून एकदा डोळे-तपासणीचे शिबिर घ्या. निवृत्त उस्तादांना गाठा. त्यांच्या जवळची विद्या त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नका.

जुन्या रस्त्याने घाट उतरलात तर शिंग्रोबाचे देऊळ लागेल. आख्यायिका अशी की या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितले, तेव्हा त्यांनी त्याला गोळी घातली. येणारे-जाणारे चालक तेथे नाणे टाकतात. श्रद्धेची टिंगल मी करणार नाही; ज्याच्यामागे कायदा उभा नाही तो देवापुढेच उभा राहणार. वाट दाखवणाऱ्याचे देऊळ बांधायचे आणि वाट चालवणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, ही रीत मात्र आपण मोडली पाहिजे. चढाच्या रस्त्यावर वर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा वाहतुकीचा नियम आहे. चाळिशीनंतर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढू लागलेल्या माणसाला समाजाने तेवढी वाट द्यावी, इतकीच आपली मागणी आहे.