चरित्राची शेवटची पाने



चरित्रकार आणि इतिहासलेखकांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत.  

वर्षभरातल्या चरित्रवाङ्मयाचा आढावा मी घ्यावा, अशी संयोजकांची इच्छा होती. त्यांनी पुस्तके घरपोच पाठवली, मी ती वाचली. बरीचशी चांगली आहेत, एकदोन फार चांगली आहेत. उद्याच्या परिसंवादांत त्यांच्यावर बोलणे होईलच. मला मात्र आज एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे. ती मी वर्षानुवर्षे मनात ठेवली आहे आणि ती बोलायला याहून योग्य जागा मला पुन्हा मिळणार नाही. संयोजकांनी पाठवलेल्या त्या गठ्ठ्यातल्या बहुतेक पुस्तकांना सूची, म्हणजे कोणते नाव कोणत्या पानावर आहे ते सांगणारी शेवटची यादी, नाही. सहाशे पानांचे चरित्र, शेकडो माणसे, साठ-सत्तर वर्षांचा काळ, आणि शेवटचे प्रकरण संपले की थेट मलपृष्ठ!

सूची नसल्याने आपले काय बिघडते ते कळायला आधी आपण कोणत्या वाटेने आलो ते पाहू. साताऱ्यात उभा आहे, म्हणून पारसनिसांपासून सुरुवात करतो. दत्तात्रय बळवंत पारसनीस याच गावचे, जन्म १८७० चा. विद्यापीठाची पदवी नाही, इतिहासाचे रीतसर शिक्षण नाही. १८८७ साली, शाळकरी वयात, त्यांनी ‘महाराष्ट्र कोकिळ’ हे मासिक काढले. १८९४ मध्ये त्यांनी झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. सत्तावनच्या उठावाला तेव्हा चाळीस वर्षेही झाली नव्हती, राणीला पाहिलेली माणसे हयात होती, आणि सरकार इंग्रजांचे होते. मासिक चालवणाऱ्या एका तरुणाने हा विषय घेतला, कागद जमवले आणि लोकांना वाचता येईल असे पुस्तक लिहिले. पुढे ‘भारतवर्ष’ आले, ‘इतिहाससंग्रह’ आला, मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर आले, इंग्रज अधिकारी किंकेडसाहेबांबरोबर मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन खंडांत झाला. १९२६ साली ते गेले. त्यांनी साताऱ्यात उभारलेला संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि आजही तिथे आहे.

दुसरे नाव नरसिंह चिंतामण केळकरांचे. तेही काही काळ याच साताऱ्यात वकिली करत होते. १८९६ मध्ये टिळकांनी बोलावले म्हणून पुण्याला गेले आणि ‘मराठा’ व ‘केसरी’चे झाले. पेशवाई बुडाल्याला शंभर वर्षे झाली त्या १९१८ साली त्यांनी ‘मराठे व इंग्रज’ लिहिले, आणि टिळक गेल्यावर १९२३ ते १९२८ या काळात टिळकांचे चरित्र तीन खंडांत पुरे केले. आपल्या काळातले गोविंदराव तळवलकर घ्या. एवढी वर्षे ‘महाराष्ट्र टाइम्स’चे अग्रलेख लिहिलेला संपादक नव्वदीच्या घरात, अमेरिकेत बसून, गोपाळ कृष्ण गोखल्यांचे इंग्रजी चरित्र हातावेगळे करतो. वर्तमानपत्रातून चरित्राकडे आणि चरित्रातून इतिहासाकडे जाणारी ही वाट मराठीत चांगली मळलेली आहे. आम्ही पत्रकार-चरित्रकार त्या वाटेने आलो.

आणि तरीही, आमच्या पुस्तकावर विद्यापीठातून जे एक वाक्य येते ते ठरलेले असते: पुस्तक वाचनीय आहे, पण संदर्भमूल्य नाही. आपल्या मंडळींत यावर किती वाद झाले! पत्रकाराने लिहिलेला इतिहास हा इतिहास मानायचा का, पदवी हवी का, मोडी यायला हवी का. काल रात्री जेवणाच्या पंगतीतही हाच वाद चालू होता. माझे मत विचाराल तर हा वाद पदवीचा नाही आणि मोडीचाही नाही. मी लिहिलेले तुम्हाला तपासता येते का, एवढाच हा प्रश्न आहे. तपासायचे तर आधी सापडले पाहिजे. सापडावे यासाठी सूची लागते. जिथे सूचीच नाही तिथे विद्यापीठातला अभ्यासक म्हणतो ते खरे ठरते, मग मजकूर कितीही पक्का असो.

मी हे वर्तमानपत्रात शिकलो. आमच्या कचेरीच्या मागच्या अंगाला संदर्भ विभाग होता. लोखंडी कपाटे आणि त्यांत तपकिरी पाकिटांत कात्रणे. तिथले प्रमुख फारसे बोलत नसत. रोज सकाळी अंक कापायचे आणि प्रत्येक कात्रणावर शाईने नावे लिहायचे. एका बातमीत तीन माणसे असली तर बातमीच्या तीन प्रती, तीन पाकिटांत. मी नवा होतो तेव्हा मला हा वेळेचा अपव्यय वाटे. एका रात्री, पान लावायच्या वेळेला, एका जुन्या कामगार पुढाऱ्याच्या निधनाची बातमी आली. शहर आवृत्तीचे पान छपाईला सोडायला तासही उरला नव्हता. पाकीट उघडले तर १९४६ पासूनचा माणूस समोर उभा. कुठला संप, कोणती तुरुंगवारी, कोणाशी बिनसले, सगळे तारखांसह. त्या रात्रीचा मृत्युलेख मी लिहिला असे लोक म्हणतात. तो त्या पाकिटावर नाव लिहिणाऱ्याने लिहिला होता. पुढे चरित्रे लिहायला बसलो तेव्हा त्या गृहस्थांची रीत मी उचलली. प्रत्येक नावाला एक कार्ड, कार्डावर पान. पुस्तक संपते तेव्हा सूचीही संपलेली असते.

माझ्या पहिल्या मोठ्या चरित्राची अशी सूची मी हस्तलिखितासोबत दिली. प्रकाशक सज्जन होते, त्यांचे नाव घेण्याचे कारण नाही. पुस्तक छापून हातात आले तेव्हा सूची नव्हती. विचारले तर म्हणाले, “अहो, फॉर्मा वाढत होता. सोळा पाने वाढली की किंमत वाढते. आणि शेवटची पाने वाचतो कोण?” मी वाद घातला. दुसऱ्या आवृत्तीत पाहू, असे उत्तर मिळाले. दुसरी आवृत्ती निघाली, तिच्यात छायाचित्रांची चकचकीत पाने वाढली, मंत्र्यांची प्रस्तावना आली, सूची आली नाही. हे केवळ माझ्या बाबतीत घडले असते तर मी ते या व्यासपीठावर सांगितले नसते. इथे बसलेल्या प्रत्येकाकडे अशी एक तरी कहाणी आहे, आणि आपण ती एकमेकांना चहाच्या टपरीवर सांगतो, प्रकाशकाला सांगत नाही.

शेवटची पाने कोण वाचतो, याचे उत्तर मला एका बाईंनी दिले. कुंडलच्या बाजूच्या. त्यांचे वडील इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोचवायचे. सातारा जिल्ह्यातल्या त्या दिवसांत अशी शेकडो माणसे होती, त्यांना ना ताम्रपट मिळाला ना निवृत्तिवेतन. एका पुढाऱ्याच्या चरित्रात आपल्या वडिलांचे नाव आले आहे, असे त्यांनी कोणाकडून तरी ऐकले होते. जाडजूड पुस्तक त्यांनी पैसे साठवून विकत घेतले. त्यांना वाचायचा सराव नव्हता, अक्षरे जुळवून वाचायच्या. एवढ्या पानांत नाव कुठे शोधणार? पुस्तक पिशवीत घालून त्या एका सभेनंतर माझ्याकडे आल्या. पुस्तक माझे नव्हते, पण मी ते बारकाईने वाचलेले होते, म्हणून थोडे चाळल्यावर पान सापडले. वडिलांचे नाव एका ओळीत होते, तेही अर्धे. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवले आणि नातवाला म्हणाल्या, “इथं खूण घाल.”

मित्रहो, मोठ्या माणसाचे चरित्र लहान माणसांनी भरलेले असते. गाडी चालवणारा, चिठ्ठी पोचवणारा, रात्री दार उघडणारी. मजकुरात ती येतात आणि पुढच्या परिच्छेदात बुडून जातात. सूचीत ती अकारविल्हे उभी राहतात, मुख्यमंत्र्यांच्या वर किंवा खाली, एकाच टायपात. त्यांच्या घरच्यांना ती तिथे सापडतात. सोळा पानांचा हिशोब करणाऱ्यांनी हा हिशोबही करावा.

आपले तरुण सहकारी म्हणतात, आता सूची कशाला, संगणकावर शब्द टाकला की मिळतो. हा युक्तिवाद मी या संमेलनाच्या चर्चांत बऱ्याचदा ऐकला आहे. एकदा एका मित्राच्या चरित्राच्या संगणकीय प्रतीत मी ‘अण्णा’ हा शब्द शोधला. पानेच्या पाने उजळली. एक अण्णा नायकाचे थोरले बंधू, दुसरे साखर कारखान्याचे अध्यक्ष, तिसरे छापखान्याचे मालक. महाराष्ट्रात अण्णा, दादा, नाना, बापू, आबा किती आहेत हे यंत्राला ठाऊक नाही. ते सूचीकाराला ठाऊक असते. आणि जुन्या पद्धतीच्या टंकांत जुळवलेली हजारो मराठी पुस्तके आहेत, त्यांत तर यंत्राला एक नाव धड वाचता येत नाही. त्याच मित्राच्या पुस्तकाची सूची पुढे आम्ही दोघांनी बसून केली, तेव्हा एक गृहस्थ स्वतःच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी एका बैठकीला हजर असल्याचे निघाले. नावांची कार्डे शेजारी ठेवली म्हणून ते दिसले. छापण्याआधी दुरुस्त झाले. कोणत्याही संगणकाने ते सांगितले नसते.

चरित्रात्मक कादंबरीला सूची हवी का, हा वादही मी इथेच मिटवतो. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ला कोणी सूची मागितली नाही आणि मागूही नये. लेखकाने आपले पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचे ते ठरवावे. चरित्र म्हणून ठेवायचे असेल तर त्याला सूची असलीच पाहिजे.

आणि हे आपल्याला परके आहे असे कोणी म्हणू नये. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२०च्या दशकात, पैशांची एवढी ओढाताण असताना, ज्ञानकोशाचा एक अख्खा खंड सूचीला दिला. शंकर गणेश दात्यांनी १८०० पासून १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची दोन भागांत केली, आणि तिच्याशिवाय आजही कोणाचे पान हलत नाही. या माणसांना कागद स्वस्त मिळत नव्हता आणि त्यांच्यापाशी संगणकही नव्हता. आपल्यापाशी दोन्ही आहे, आणि आपण सोळा पाने वाचवतो. मला याची लाज वाटते आणि रागही येतो.

काय करायचे? या मेळाव्याने एक छोटी समिती नेमावी असे मला वाटते. गाजलेल्या पण सूचीविना राहिलेल्या जुन्या चरित्रांची यादी तिने करावी. महाविद्यालयांतल्या मुलांना हाताशी धरून त्यांच्या सूची तयार कराव्यात, छापाव्यात किंवा जशा जमतील तशा लोकांपुढे ठेवाव्यात. पैशांचे पाहता येईल. पुरस्कार देणाऱ्या संस्थांशीही बोलायला हवे, सूची नसलेले चरित्र त्यांनी स्पर्धेला घेऊच नये. तपशील कार्यकारिणीत ठरवू.

तरुण पत्रकार मित्रांना मात्र आजच सांगतो, कारण उद्याचे चरित्रकार तुम्हीच आहात. तुमच्या वर्तमानपत्रांतली ती तपकिरी पाकिटे आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाहीत. रद्दीच्या गाड्यांत ती जाताना मी पाहिली आहेत. तेव्हा तुमची तुम्ही सुरू करा. ज्या माणसावर कधी तरी लिहायचे आहे त्याच्याभोवतीच्या माणसांची नावे आजपासून लिहून ठेवा, गावासह आणि तारखेसह. पुस्तक तयार झाले की सूचीसकट द्या, आणि प्रकाशकाशी करार करताना सूची गाळता येणार नाही असे कलम लिहून घ्या. प्रकाशकाने नाही म्हटले तर हस्तलिखित घेऊन परत या.

आणि समोर बसलेल्या वाचकांना माझी विनंती आहे. दुकानात चरित्र हातात घ्याल तेव्हा आधी शेवटची पाने उघडा. तिथे सूची नसेल तर त्याच दिवशी प्रकाशकाला पत्र लिहा, आणि दुसऱ्या आवृत्तीपर्यंत लिहीत राहा.