बॉयलरच्या तोंडी पऱ्हाटी



ठाणे-बेलापूर रस्त्यावरची धुराडी आपण रोज पाहता. त्यांच्याखाली काय जळते, ते आम्ही सांगणार आहोत. आमच्या ओळखीच्या काही बॉयलरांत दगडी कोळशाच्या जागी आता शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या जातात. बाजारात त्यांना 'पांढरा कोळसा' म्हणतात; पांढऱ्या मात्र त्या मुळीच नसतात.

सुट्या पाचटाचा घनमीटर १०० किलोही भरत नाही. ट्रक भरतो आणि वजन होत नाही. म्हणून पऱ्हाटी, तुराट्या, भुईमुगाची टरफले यांचा भुगा करून, ओल सुमारे १० टक्क्यांवर आणून, तो यंत्रात दाबतात. दाबाच्या उष्णतेने काडीतलेच लिग्निन मऊ होते आणि डिंकाचे काम करते. वेगळी खळ लागत नाही. पुण्याच्या 'आरती' संस्थेने दुसरी वाट काढली : उसाचे पाचट बंद डब्यात भाजून त्याचा कोळसा करायचा. त्या कामाला २००२ साली लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. २०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांनाही कोळशात असे इंधन मिसळण्याचे बंधन घातले.

हे सारे चांगलेच आहे. पाचट शेतात पेटवून देण्यापेक्षा शंभरपट चांगले. पण 'टाकाऊ' हा शब्द आम्हांला खटकतो. वऱ्हाडातली शेतमजूर बाई पऱ्हाटीचा भारा डोक्यावर आणते तेव्हा ती कचरा आणत नसते. रात्रीच्या भाकरीचे सरपण आणत असते. उद्या त्याच पऱ्हाटीला गिऱ्हाईक आले, तर पैसे शेतमालकाला मिळतील. तिची चूल कशावर पेटायची? सिलिंडर भरण्याइतकी मजुरी तिला मिळते काय?

आणि इकडे आमचा बॉयलरवाला! काडीच्या राखेत पोटॅश असते, त्यामुळे ती लवकर वितळून जाळीवर गठ्ठे धरते. ते सळईने फोडायचे, तेही भट्टीच्या तोंडाशी उभे राहून. एका कारखान्यात इंधन बदलले. माणसे तेवढीच राहिली. पावसाळ्यात कांड्या उघड्यावर भिजून त्यांचा पुन्हा भुगा झाला आणि तो फावड्याने उपसताना आमच्या माणसांच्या नाकातोंडात गेला. मालकांच्या हिशेबात मात्र इंधन स्वस्त पडले होते!

आम्ही दोन मागण्या केल्या : कांड्यांवर छप्पर आणि पाळीमागे एक जादा माणूस. छप्पर झाले, कारण माल भिजत होता. माणसाबद्दलची बोलणी अजून चालू आहेत.