रिओतला न्याय भूमला लावा
(भूम येथील मेळाव्यातील भाषण)



बाहत्तरच्या दुष्काळात आपली माणसं खडी फोडत होती. त्याच साली स्टॉकहोमला पर्यावरणाची जागतिक परिषद भरली. इंदिरा गांधींनी तिथं गरिबीचा प्रश्न मांडला. त्याच वर्षी इथं वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ ला तर तितर-लाव्यांची शिकार पुरती बंद झाली. मग आम्हा पारध्यांनी पोट भरायचं कशावर? गायरान फोडलं, ज्वारी पेरली.

१९९२ ला रिओत श्रीमंत देशांना जंगलाचा बंधनकारक करार हवा होता. आपलं सरकार अडून बसलं : आमच्या जंगलाचं आम्ही ठरवू. करार झाला नाही, नुसती तत्त्वं निघाली. सरकार बरोबरच बोललं. मग तोच न्याय आमाला का नाही? झाडं लावायची म्हणून आमची पेर मोडता, तर आधी आमाला विचारा. झाडाशी आमचं वैर नाही. बांधावरचा लिंब आम्हीच राखतो.

२८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरान अतिक्रमणं नियमित करायचं ठरलंय. तलाठ्याकडं एक-ई ला नाव आहे का बघा. दंडाच्या पावत्या जपा. तहसीलला अर्ज द्या, पोच घ्या.

कसेल त्याची जमीन!