यंत्राची बुद्धी आणि आपली प्रज्ञा



कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या नोकऱ्या खाईल काय, असे आपली मुले विचारतात. ही भीती खोटी नाही. परंतु आम्हाला दुसरी भीती अधिक मोठी वाटते. हे यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. ॲमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडण्यासाठी असे यंत्र तयार केले. आधीचे बहुतेक अर्ज पुरुषांचे. म्हणून ते स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागले. कंपनीने तो प्रयोग सोडून दिल्याचे २०१८ साली उघड झाले. उद्या कर्जाचे अर्ज यंत्राने चाळले, तर आडनाव आणि पत्ता पाहून ते काय शिकेल? जुन्या कर्जवह्यांत आपल्या वस्त्यांची नावे किती थोडी, हे बँकेत बसणारे आम्ही जाणतो.

बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादावर लिहिताना यंत्राला दोष दिला नाही. दोष समाजरचनेचा, असे बजावले. केवळ ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. तीच कसोटी यंत्राला लावू या. विद्यार्थ्यांनो, हे यंत्र जरूर शिका. पण त्याने नकार दिला तर कारण विचारल्याशिवाय परत फिरू नका.

नमो बुद्धाय! जय भीम!