अंड्याच्या बलकातले रंग

अंड्याने चित्र रंगवितात म्हटले तर हसाल. पण तैलरंग रूढ होण्यापूर्वी इटलीतले चितारी रंगाची पूड बलकातच कालवीत. बलक या तळहातावरून त्या तळहातावर घ्यायचा, पांढरे निघून गेले की पापुद्रा चिमटीत धरून टोचायचा. रस वाटीत, पापुद्रा हातात. हा रंग पाहता पाहता वाळतो. छटेत छटा मिसळता येत नाही. बारीक कुंचल्याने रेघेशेजारी रेघ ओढावी लागते. उतावळ्याचे हे काम नव्हे!

१४०० च्या सुमाराचा चेन्निनो चेन्निनी सांगतो, तरुण चेहऱ्यांना शहरी कोंबडीचा फिका बलक घ्यावा, म्हाताऱ्या, सावळ्या माणसांना खेड्यातला तांबूस. बलकाने चित्र पिवळे पडेल ही भीती मात्र नको. तो पिवळेपणा उजेडात उडून जातो. उलट कालांतराने पिवळते ते तेल.