कोंबडीचे भांडे



मुंबई-गोवा महामार्गाने गोव्याकडे जाताना बांद्याच्या अलीकडे आमचे इन्सुली गाव लागते. गाडीतून जाणाऱ्याला इथला तपासणी नाका तेवढा ठाऊक असतो. पण रस्ता सोडून वाडीत शिरलात, की घराच्या मागल्या दारी चार-सहा गावठी कोंबड्या माती उकरताना दिसतात. गावच्या राखणदार देवाला कोंबडा लागतो. मुंबईचे चाकरमानी आले, की कोंबडी-वडे लागतात. बाकीच्या दिवसांत अंडी असतात, आणि अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. मुलाची वही, एसटीचे भाडे, कधी औषधाची गोळी, एवढे त्यातून निभते. म्हणून मला हा विषय लहान वाटत नाही.

दिवसातून एकदा तरी घरात कुणीतरी विचारते, ‘कोंब्यांका पाणी घातलंस मा?’ घातलेले असते. पण कशात घातले? फुटक्या टोपात, कापलेल्या टायरात, विहिरीजवळच्या दगडी डोणीत. कालच्या पाण्यावर आजचे ओतायचे आणि आजच्यावर उद्याचे. आज मला बोलायचे आहे ते या भांड्याबद्दल.

कोंबडी पाणी कशी पिते ते एकदा निवांत उभे राहून बघा. तिला गाईसारखे ओढून पिता येत नाही. ती चोच बुडवते, चोचीत मावेल तेवढे पाणी घेते आणि मान वर करते, तेव्हा ते घशाखाली उतरते. असे ती दिवसभर करते. दर वेळी चोचीला चिकटलेला कोंडा, कणी, माती पाण्यात पडते. सकाळी घातलेल्या स्वच्छ पाण्याची दुपारपर्यंत पातळ पेज झालेली असते. उन्हात ती आंबते आणि भांड्याच्या आतून बुळबुळीत थर धरतो. नुसते विसळून तो थर जात नाही. आतून बोट फिरवा. बोट घसरले, तर भांडे विसळलेले आहे, घासलेले नाही. नारळाच्या सोडणाचा काथ्या आणि चिमूटभर राख घेऊन कडेकोपऱ्यातून घासले, तरच तो सुटतो.

मोठी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. खाल्लेल्या दाण्याच्या साधारण दुप्पट पाणी तिला लागते. कवच सोडले तर अंड्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाणी घाण किंवा तापलेले असले, की ती कमी पिते. कमी पिते म्हणून कमी खाते, आणि मग अंडी थांबतात. आपण म्हणतो, कोंबडीला काहीतरी झाले.

आणि खरोखरच काहीतरी होतेही. फ्रान्सच्या लुई पाश्चरने १८८० मध्ये लस शोधल्याचे जाहीर केले, ती कोंबड्यांच्याच कॉलऱ्यावरची होती. या रोगाचे जंतू मिसळलेले खाणे कोंबडीच्या पोटात गेले, की ती आजारी पडते आणि तिच्या विष्ठेतून तेच जंतू बाहेर येतात, हे त्याच्या प्रयोगांतून दिसले. आपल्या परसात विष्ठा आणि खाणे एकत्र येण्याची जागा कोणती? हेच भांडे. कोंबडी त्याच्या काठावर बसते, पाय आत घालते, पिल्ले तर सरळ आतच उतरतात.

त्यावरचा उपाय आपल्या अंगणातच पडलेला असतो. जांभ्याचा चिरा घ्या आणि भांडे त्यावर ठेवा. भांड्याचा काठ कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आला पाहिजे. मग तिला पिता येते, पण उकरून घाण टाकता येत नाही. पिल्लांसाठी मात्र उथळ ताटली हवी आणि तीत चार खडे टाकावेत, नाहीतर ती बुडतात. भांडे सावलीत, पागोळीपासून दूर आणि वर आडोसा असलेल्या जागी ठेवावे. उन्हात पाण्यावर शेवाळ धरते, आणि उघड्यावरच्या भांड्यावर कावळे, साळुंक्या येतात. बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आला, २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आला. त्याचे विषाणू रानपाखरांच्या विष्ठेतून येऊ शकतात. रानपाखरे आणि आपली कोंबडी एकाच भांड्यावर येऊ नयेत, एवढे तरी आपल्या हातात आहे.

आता पावसाळ्याकडे येतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि कोंबड्यांचा खरा वैरी त्या ओलीतच असतो. रक्ती हगवण पिल्लांना होते ती याच दिवसांत. तिचे परजीवी विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली, की एक-दोन दिवसांत बाधण्याजोगे तयार होतात. भांड्याभोवती सांडलेल्या पाण्याने जी चिखलट जागा होते, तिथे त्यांना दोन्ही मिळते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर यांच्यावर चालत नाही. उकळते पाणी चालते आणि कोरडेपणा चालतो. म्हणून चिऱ्याभोवती वाळू किंवा खडी पसरा, ती ओली झाली की खरडून काढा आणि नवी घाला.

माझे स्पष्ट मत असे, की कोकणात भांडे धुण्यापेक्षा ते सुकवण्यात आपण कमी पडतो. यावर मला सापडलेला मार्ग म्हणजे भांड्यांच्या दोन जोड्या ठेवणे. आज एक वापरात, दुसरी घासून पालथी. उद्या अदलाबदल. ऊन असेल तर उन्हात, आषाढ-श्रावणात चुलीच्या उबेला. प्लास्टिक असेल तर जाळापासून लांब. खर्च म्हणाल तर एका जादा जोडीचा.

इतर जंतूंसाठी मात्र आठवड्यातून एकदा टीसीएल वापरावी. दहा लिटरच्या बादलीत चहाचा एक सपाट चमचा पावडर, त्यात भांडे पंधरा मिनिटे बुडवायचे, मग भरपूर पाण्याने धुऊन वास जाईपर्यंत सुकवायचे. भांडे आधी घासलेले हवे. घाण तशीच असली तर पावडरीचा जोर त्या घाणीतच संपतो. आणि संडासाचे ॲसिड हिच्यात चुकूनही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

दाण्याच्या भांड्याचे दुखणे वेगळे आहे. तिथे बुरशी येते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता कारण सापडले ते बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली, ती त्याच विषाने. ते धुऊन जात नाही आणि शिजवूनही जात नाही. कोंबडीचे यकृत त्याने हळूहळू बिघडते. कोंडा गोळे धरू लागला, मक्याला हिरवट-काळी झाक आली, कुबट वास आला, की तो टाकून द्या. ‘गुरांना घालू’ असेही म्हणू नका. ते विष दुधात उतरते. कोंडा-कणी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, जमिनीपासून वर फळीवर ठेवा. भिजवलेला कोंडा तेवढ्या वेळेपुरताच घाला आणि उरला तर अर्ध्या तासात उचला. दाण्याचे भांडे धुतल्यावर पूर्ण कोरडे होईपर्यंत त्यात एक दाणाही पडता कामा नये.

तिन्हीसांजेला कोंबड्या खुराड्यात गेल्या, की दाण्याची भांडी आत घ्या. राहिलेल्या कणीवर रात्री उंदीर येतात. उंदरामागून साप येतात हे आपल्याला सांगायला नको. पण उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतूही येतात, आणि लेप्टोने पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात किती घरे रडवली आहेत हे तुम्ही जाणता. सकाळी अनवाणी पायाने, हाताला चीर असताना तेच भांडे आपण उचलतो.

परसातला तो कापलेला टायरही आज काढून टाका. साचलेल्या पाण्यात डास होतात. तो डास आपल्याला डेंगी देतो, आणि कोंबड्यांना होणारी देवी, म्हणजे तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती येणाऱ्या खपल्या, तीही डासांच्या चाव्यातून पसरते.

शेवटी लसीच्या दिवसाबद्दल, कारण तिथे स्वच्छतेचाच घोटाळा होतो. ही लस कोंबड्यांच्या मानमोडीवरची, म्हणजे राणीखेत रोगावरची. कुमाऊंतल्या राणीखेतवरून हे नाव पडले, १९२७ च्या सुमारास तिथे हा रोग नोंदला गेला. त्याच्या लासोटा लसीचा पुढचा डोस पुष्कळदा पिण्याच्या पाण्यातून देतात. ही लस जिवंत असते आणि टीसीएल तिला मारून टाकते. म्हणून आधीचे दोन दिवस पाण्यात किंवा भांड्यात टीसीएल नको, साबणही नको. नळाच्या पाण्यातही टीसीएल असू शकते, तेव्हा ती न टाकलेल्या विहिरीचे पाणी घ्या. भांडे धातूचे नको, प्लास्टिकचे किंवा मातीचे घ्या आणि साध्या पाण्याने घासा. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर आधी विरघळवा, मग लस. सकाळी थंड वेळी, कोंबड्यांना तास-दीड तास तहानलेले ठेवून ते पाणी द्या. सगळ्या एकदम पिऊ शकतील एवढी भांडी मांडा, आणि दोन तासांत ते संपले पाहिजे. किती कोंबड्यांना किती पाणी, हे लस आणताना पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या, आणि लस बर्फातच घरी आणा.