आईच्या खुर्चीसाठी घेतलेलं हॉटेल

जेवणं उरकून, भांडी पालथी घालून बसला असाल. कुणी उद्याची भाजी निवडत असेल, कुणी गटाची वही पुढ्यात घेतली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आज मी तुम्हाला फार लांबच्या एका हॉटेलची गोष्ट सांगणार आहे. हॉटेल म्हटलं की आपल्याला एसटी स्टँडसमोरचा चहा आणि भजी आठवतात. हे तसलं नाही. हे राहायचं हॉटेल आहे आणि तिथल्या एका रात्रीच्या भाड्यात आपल्याकडे चांगली दुभती शेळी यावी. तुम्ही म्हणाल, मग आम्हाला काय करायचंय त्याचं? मलाही आधी असंच वाटलं होतं. माझी भाची हॉटेलच्या कामाचं शिक्षण घेते. सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाईलवर मला या हॉटेलचा फोटो दाखवला आणि त्याची हकीकत सांगितली. ती ऐकून मला माझ्या आईची आठवण झाली. ती का झाली, ते शेवटी सांगते.

फ्रान्स देशाच्या दक्षिणेला भूमध्य समुद्राच्या काठी नीस नावाचं शहर आहे. निळंशार पाणी आणि काठावर वाळूच्या जागी गुळगुळीत गोटे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी तिथं श्रीमंत माणसं उन्हाळ्यात नाही, तर हिवाळ्यात जायची. इंग्लंड आणि रशियात हाडं गोठवणारी थंडी पडली की राजेरजवाडे, सरदार आपला लवाजमा घेऊन नीसच्या उबदार उन्हात येऊन राहायचे.

तिथं समुद्राच्या कडेनं सात किलोमीटर लांब एक रुंद रस्ता आहे. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ होतो ‘इंग्रजांची फेरफटक्याची वाट’. ही वाट कशी झाली ते ऐका. 1820 च्या सुमारास एका वर्षी कडक हिवाळा पडला. पोट भरायला गोरगरीब लोक नीसमध्ये आले आणि रस्त्यावर हात पसरू लागले. तेव्हा तिथं राहणाऱ्या इंग्रजांनी एका पाद्र्याच्या पुढाकारानं पैसे गोळा केले. नुसती भीक घालण्यापेक्षा या लोकांना काम देऊ म्हणून समुद्राकाठी वाट बांधायला घेतली. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेल्या बायका आज हे ऐकत असतील. त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जगातल्या त्या झगमगत्या रस्त्याखालीसुद्धा भुकेल्या माणसांचा घाम आहे.

याच रस्त्यावर आपलं हॉटेल उभं आहे. नाव नेग्रेस्को. पांढरी शुभ्र इमारत आणि कोपऱ्यावर गुलाबी घुमट. दारातले नोकर अजूनही जुन्या राजवटीतल्या नोकरांसारखा पोशाख करतात, टोपीला तुरासुद्धा असतो.

नेग्रेस्को हे एका माणसाचं आडनाव. हेन्री नेग्रेस्को हा रुमानिया देशातल्या एका खाणावळवाल्याचा मुलगा. लहान वयातच घर सोडून बाहेर पडला. कष्ट करत, बड्या लोकांची मर्जी सांभाळत तो नीसमधल्या मोठ्या कॅसिनोचा व्यवस्थापक झाला. कॅसिनो म्हणजे पैसे लावून खेळायचा श्रीमंतांचा अड्डा. तिथं त्यानं पाहिलं की या राजेरजवाड्यांना हवं तसं हॉटेल इथं नाही. स्वतःजवळ तेवढं भांडवल नव्हतं, म्हणून मोटारी बनवणाऱ्या एका धनिकाला त्यानं पैसे घालायला तयार केलं. एदुआर नीर्मान्स नावाच्या नामांकित वास्तुरचनाकारानं नकाशा काढला. 1913 च्या सुरुवातीला हॉटेल उघडलं.

पहिलं वर्ष जोरात गेलं. पण 1914 साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. पाहुणे यायचे बंद झाले आणि हॉटेलचं रुग्णालय झालं. ज्या दालनांत मेजवान्या व्हायच्या, तिथं जखमी शिपायांच्या खाटा लागल्या. युद्ध संपलं तेव्हा नेग्रेस्को कर्जात बुडाला होता आणि रशियातले पाहुणे तर राज्यक्रांतीनं कायमचेच गेले होते. हॉटेल विकावं लागलं. 1920 मध्ये पॅरिसमध्ये तो वारला, तेव्हा पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. पाटी मात्र त्याच्याच नावाची राहिली.

पुढची चाळीसेक वर्षं हॉटेल कसंबसं चाललं. आणि आता आपल्या गोष्टीतली बाई येते. तिचं नाव झान ओझिए. आपण तिला झानबाई म्हणू.

झानबाईंचे वडील फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले. मूळचा धंदा खाटकाचा. पुढे घरं बांधण्याच्या व्यवसायात त्यांनी पैसा कमावला. झानबाई ही त्यांची एकुलती एक लेक. आईला अपंगत्व आलं, ती चाकाच्या खुर्चीला खिळली. त्या नीसला आल्या तेव्हा अडचण अशी की हॉटेलांच्या लिफ्टमध्ये आईची खुर्ची जाईना. सामान जाईल, माणूस उभा राहून जाईल, पण खुर्ची जाणार नाही एवढ्या त्या अरुंद. एका नेग्रेस्को हॉटेलची लिफ्ट पुरेशी रुंद होती. तिथं सगळे असंच सांगतात की, म्हणून 1957 मध्ये वडिलांनी हे मोडकळीला आलेलं हॉटेलच विकत घेतलं आणि लेकीच्या हाती दिलं.

झानबाई तेव्हा 34 वर्षांच्या होत्या. त्या काळच्या फ्रान्समध्ये बाईची काय स्थिती होती ते सांगते. आपल्याला वाटतं, परदेशातल्या बायका पहिल्यापासून मोकळ्या. तसं नाही. फ्रान्सच्या बायकांनी पहिल्यांदा मत टाकलं ते 1945 साली. आणि 1957 मध्ये नवऱ्यानं हरकत घेतली तर लग्न झालेल्या बाईला धंदा करता येत नव्हता. स्वतःच्या नावानं बँकेत खातं उघडायचा आणि नवऱ्याला न विचारता कामधंदा करायचा हक्क विवाहित स्त्रीला मिळाला तो 1965 च्या कायद्यानं. आज आपल्या गटातल्या प्रत्येकीकडे स्वतःच्या नावाचं पासबुक आहे. ते हातात घेताना हे साल आठवा.

झानबाईंचे यजमान पॉल ओझिए वकील होते. त्यांनी आडकाठी केली नाही, उलट साथ दिली. झानबाईंनी हॉटेल खोली-खोलीनं नव्यानं उभं केलं. सगळ्या खोल्या एका साच्याच्या नकोत, प्रत्येक खोली वेगळी हवी, हा त्यांचा हट्ट. जुन्या राजांच्या काळातलं फर्निचर, गालिचे, चित्रं, शिवाय त्यांच्या काळातल्या कलाकारांच्या रंगीबेरंगी मूर्ती, असं करत करत सुमारे सहा हजार वस्तू जमल्या. मधल्या मोठ्या दालनात काचेचं एक झुंबर आहे. त्याला सोळा हजारांवर लोलक आहेत. रशियाच्या बादशहासाठी तसंच झुंबर बनवलं होतं, पण क्रांती झाली आणि त्याला ते मिळालं नाही, असं सांगतात. 2003 मध्ये फ्रान्स सरकारनं या इमारतीला संरक्षित ऐतिहासिक वास्तूचा दर्जा दिला.

एवढं नावाजल्यावर गिऱ्हाइकं येणारच. जगातल्या बड्या बड्या धनवंतांनी हॉटेल विकत मागितलं. झानबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, विकायचं नाही. सगळीकडे मोठमोठ्या कंपन्या हॉटेलं घेत होत्या, आणि ही एकटी बाई आपलं हॉटेल आपल्या हातात ठेवून होती. त्या राहायच्याही तिथंच, वरच्या मजल्यावर. कुत्र्या-मांजरांवर त्यांचा फार जीव. पाहुण्यांच्या कुत्र्यांनाही तिथं मज्जाव नव्हता.

1995 मध्ये पॉल वारले. मूलबाळ नव्हतं. आपल्या पश्चात या सगळ्याचं काय होणार, हा प्रश्न झानबाईंपुढे उभा राहिला. वयाची पंचाऐंशी उलटल्यावर, 2009 मध्ये, त्यांनी एक निधी स्थापन केला. त्याला आईवडिलांचं आडनाव, नवऱ्याचं आडनाव आणि हॉटेलचं नाव, अशी तिन्ही नावं जोडली. आपल्या माघारी हॉटेल या निधीकडे जावं. मिळकतीतून मुक्या प्राण्यांसाठी आणि अडलेल्या माणसांसाठी खर्च व्हावा, कलावस्तू जपल्या जाव्यात, अशी त्यांनी तजवीज केली.

आणि बरं झालं, वेळेवर केली. कारण पुढे वयानं त्यांना व्यवहार झेपेनासे झाले. 2013 मध्ये कोर्टानं हॉटेलचा कारभार पाहायला प्रशासक नेमला. जिनं पन्नास वर्षं एकटीनं हॉटेल चालवलं, तिच्या सहीवर आता काही चालेना. विचार करा, कशी गेली असतील ती वर्षं! जानेवारी 2019 मध्ये 95 व्या वर्षी त्या गेल्या. पण कागद आधीच झालेला होता. हॉटेल निधीकडे गेलं.

आता माझ्या आईचं सांगते.

आईला अर्धांगवायू झाला. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडे होती. भावानं चाकाची खुर्ची आणून दिली. खुर्ची ओसरीवर फिरायची, माजघरात फिरायची, पण न्हाणीच्या दारात अडायची. दार दोन फुटांचं आणि वर चार बोटं उंबरा. मग मी आणि माझी जाऊ, दोघी मिळून तिला उचलून न्यायचो. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं, आई पाणी प्यायचीच बंद झाली होती. तांब्या भरलेला तसाच असायचा. का गं, विचारलं तर म्हणाली, “तुम्हाला किती वेळा उचलायला लावू?” पुढे लघवीचा त्रास होऊन तिला दवाखान्यात न्यावं लागलं. दार रुंद करायचं आम्हाला तेव्हा सुचलंच नाही. खरं सांगते, कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दार म्हणजे दार, ते तेवढंच असतं, असंच वाटायचं.

भाचीनं नेग्रेस्कोची हकीकत सांगितली तेव्हा मी उठून न्हाणीच्या दाराकडे बघत राहिले. गेल्या दिवाळीच्या आधी गवंडी बोलावला. दार तीन फुटांचं केलं, उंबरा काढून उतार केला, भिंतीला धरायला नळी बसवली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, “काय राजवाडा बांधतीस का?” आता गुडघे धरून त्याच सगळ्यात आधी त्या नळीला हात घालतात.

मैत्रिणींनो, हॉटेल घ्यायची आपली ऐपत नाही, आणि त्याची गरजही नाही. उद्या सकाळी तीन गोष्टी करा. शिवणाची टेप घेऊन न्हाणीचं आणि संडासाचं दार मोजा. साधी चाकाची खुर्ची दोन-सव्वादोन फूट रुंद असते, दार तीन फुटांचं असलं तर हात न खरचटता आत जाते. नवं घर बांधत असाल तर गवंड्याला आजच सांगून ठेवा, खर्चात फारसा फरक पडत नाही. दुसरं, घराच्या उताऱ्यावर आणि सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे का, ते बघा. आणि तिसरं, तुमच्या नावावर जे काही असेल, एक खोली असो की दोन म्हशी, ते तुमच्या माघारी कुणाकडे जावं हे हातपाय धड असताना लिहून ठेवा. मृत्युपत्र साध्या कागदावरही चालतं. तुमची सही किंवा अंगठा आणि तुमच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार लागतात. ज्याला द्यायचं आहे त्याला साक्षीदार करू नका. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस पाणी कमी पीत असेल, तर त्याच्यावर रागावू नका. आधी दार मोजा.

येते मी. पुन्हा भेटू. नमस्कार.